निळ्या फाईलीतली मगर

...आणि वर म्हणे, अर्जात कारण लिहा. आता मंडळी, तुम्हीच सांगा, माझ्या डोक्यातलं जे काही मी माझ्या तोंडानं बोललो, ते बाईंनी त्यांच्या हातानं लिहून ठेवलं, ते मला एकदा माझ्या डोळ्यांनी बघायचंय, ह्यात कारण काय लिहू? मी लिहिलं, 'सहज'. तर काउंटरवरची ती नीला म्हणते, "काका, सहज चालत नाही. कारण पाहिजे." म्हणजे आजार माझा, फाईल माझी, आणि बघायची बंदी कुणाला, तर मला.

थांबा, मुळापासून सांगतो, नाहीतर म्हणाल नाथा पुन्हा सुटला.

मी ठाण्याच्या पूर्वेकडच्या कोपरीचा. खाडीकाठचा कोळी. आधी पोहायला शिकलो, चालायला मागाहून... खोटं वाटत असेल तर माझ्या आईला विचारा, म्हणजे आता विचारता येणार नाही, पण असती तर हो म्हणाली असती. नोकरी वागळे इस्टेटला, म्हणजे रोज स्टेशनावरचा पूल चढून पश्चिमेला उतरायचं. बावीस वर्षं चढलो-उतरलो. आणि एक्क्याण्णव सालच्या दिवाळीनंतर एका सकाळी पुलाच्या बरोबर मधोमध माझे पाय म्हणाले, आम्ही काही पुढे येत नाही. झालं. कठडा धरून उभा. मागून एक म्हातारी विचारते, "बाबा, ही रांग कसली?" आता तिला काय सांगू, रांग माझ्या पायांची आहे?

असं तीनदा झालं तेव्हा कंपनीच्या डॉक्टरनं गुडघ्यांवर हातोडी मारून बघितली आणि चिठ्ठी दिली, नौपाड्यातल्या एका बाईंची. मनाच्या डॉक्टर. घरी मी मालूला, म्हणजे आमच्या मंडळींना, सांगितलं पायाच्या डॉक्टर. खरं ठाऊक होतं एकट्या माझ्या मुलीला, शीलाला. कारण गंमत बघा, पुलाची भीती घालवायला जायचं तर तेही पुलापलीकडे. मग दर शनिवारी शीला मला रिक्षात घालून गाड्यांच्या पुलावरून न्यायची. मी डोळे मिटून तिला गोष्टी सांगत बसायचो, ती "हं, मग?" "हं, मग?" करत राहायची, आणि डोळे उघडावेत तो नौपाडा.

बाईंचं औषध काय, तर बोला. गोळी नाही, सुई नाही. "बोला नाथाभाऊ." आणि मी बोललो की त्यांचं पेन सुरू, निळ्या पुठ्ठ्याच्या फाईलीत. तुम्हाला सांगतो, मी म्हटलं, "येताना चहा प्यालो," तर बाईंनी चार ओळी लिहिल्या. चहावर चार ओळी काय लिहितात हो? मला तिथंच वास आला.

आता बोला म्हणतात तर रिकाम्या हातानं कसं जायचं? मी आमची मगर सांगितली. कोपरीत कुणालाही विचारा, माझा आजा दामाजी, त्यानं खाडीत शिरलेल्या मगरीचं तोंड आजीच्या नऊवारीनं बांधलं आणि तिला ओढत बंदरावर आणलं. तीस वर्षं मी ती सांगतोय. पूजा असो, बारसं असो, आधी मगर, मग तीर्थप्रसाद. बाईंना पाऊण तास सांगितली. शेपटी कशी आपटली तेसुद्धा खुर्ची आपटून दाखवलं. बाईंनी ऐकलं आणि फाईलीत लिहिली एकच ओळ, शेवटी एक शब्द. चहाला चार ओळी आणि मगरीला एक? आणि तो शब्द कंसात. कंस मला लांबून दिसला, शब्द नाही दिसला.

अकरा शनिवार झाले. बोलता बोलता माणूस घसरतो. शीलाचं लग्न ठरत होतं, कल्याणच्या काळुरामच्या मुलाशी. त्या व्याह्याबद्दलही मी काहीबाही बोलून गेलो. आणखीही एक बोललो, ते आत्ता नाही सांगत. बाराव्या शनिवारी बाई म्हणाल्या, "तुम्ही पूल चालत आलात ना आज? मग झालं. आता नाही आलात तरी चालेल." मी बरा. फाईल कपाटात. कपाटाची किल्ली त्या नीलाकडे.

इथपर्यंत सगळं गोड. मग आला साखरपुडा. कल्याणला. मी पाटावर बसलेला, टोपी घातलेला, आणि समोरून पोह्यांच्या बशा घेऊन कोण येते?

"अय्या, काका, तुम्ही?"

नीला. काळुराम म्हणतो, "दादूस, ही आमच्या बहिणीची पोर. ठाण्याला दवाखान्यात असते." मालू म्हणाली, "अगो, म्हणजे यांच्या पायाच्या डॉक्टरकडं?" नीलानं माझ्याकडं पाहिलं. "हो मामी. पायाच्याच." आणि हसली. आता हे हसणं कसलं? चांगल्या पोरीचं की फाईल वाचलेल्या पोरीचं? मी पोह्यांची बशी खाली ठेवली. कारण त्या फाईलीत माझ्या तोंडचं वाक्य होतं, की माझा व्याही म्हणजे सुका बोंबील, वास आधी येतो, माणूस मागून येतो. हे काळुरामच्या कानावर गेलं तर? नाहीतर कुणी म्हणालं, मुलीचा बाप डोक्याच्या डॉक्टरकडं जात होता, तर? साखरपुडे काय मोडत नाहीत?

म्हणून म्हटलं, फाईलच ताब्यात घ्यावी. सोमवारी गेलो. "अर्ज द्या काका." अर्ज दिला, 'सहज'वाला, तो परत. बुधवारी दुसरा. कारण: कंपनीत मागतात. नीला आत जाऊन आली. "बाई म्हणतात, मग आम्ही कंपनीलाच पाठवतो, साहेबांचं नाव सांगा." बघा डाव. तिसरा अर्ज. कारण: घर बदलतोय. "कुठं चाललात काका?" दिव्याला, म्हटलं. "दिव्याला? तिथं तर नळाला पाणी नाही. मामांना सांगते, ते कल्याणला खोली बघतील." म्हणजे हिनं मला व्याह्याच्या आळीत नेऊन बसवायचा घाट घातला. मी अर्ज तिच्या हातातून ओढून घेतला. आजार माझा, फाईल माझी, आणि चौकशी बघा.

शेवटी बाईंनीच आत बोलावलं. "नाथाभाऊ, फाईल बघायची असेल तर बसा, मी वाचून दाखवते." मी म्हटलं, नको. तुम्ही वाचणार म्हणजे गाळून वाचणार, मला काय कळत नाही? त्या हसल्या. "मग खरं कारण लिहा." मी चौथा अर्ज लिहिला. कारण: मला भीती वाटते. मंडळी, एवढ्यावर अर्ध्या तासात झेरॉक्स माझ्या हातात.

नीला कागद देत होती तेव्हा मी हळूच विचारलं, "तू वाचलंस का गं यातलं?" तर म्हणते, "काका, देवाशपथ नाही. आणि वाचायचं म्हटलं तरी बाईंचं अक्षर कुणाला लागतंय? ते फक्त मेडिकलवाल्याला वाचता येतं."

बाहेर येऊन उघडलं. खरंच. कुर्ल्या वाळूवरून पळून गेल्यासारखं अक्षर. त्यात इंग्रजी. आता शहाण्या माणसानं काय करावं? ज्याअर्थी कुणालाच वाचता येत नाही, त्याअर्थी कागद खाडीत सोडून घरी जावं आणि भाकरी खावी. पण एवढे चार अर्ज करून मिळवलेली फाईल, आणि आत काय ते मलाच ठाऊक नाही? तो कंसातला शब्द? मी तडक गेलो कोपरीतल्या आमच्या तानाजीच्या मेडिकलात.

संध्याकाळची वेळ. दुकानात सात-आठ माणसं. सखुबाई खोकल्याच्या औषधाला, बाकीचे आपले हे-ते घ्यायला. मी तानाजीच्या कानात म्हटलं, "एवढं बघ जरा, हळू." पण तानाजीला जन्मात हळू येत नाही. तो गोळ्या कधी घ्यायच्या तेसुद्धा पलीकडच्या फलाटाला ऐकू जाईल असं सांगतो. त्यानं चष्मा चढवला आणि इंग्रजीचं मराठी करत सुरू झाला.

"पेशंटचं नाव नाथा... पुलावर पाय थांबतात... हां, हे मनाच्या डॉक्टरचं दिसतंय."

संपलं, म्हटलं. कोपरीला कळलं. मी कागद ओढतोय, तो सोडत नाही.

"होणाऱ्या व्याह्यांना सुका बोंबील म्हणतात. वास आधी..."

"कंचा बोंबील?"

मागून आवाज. वळून बघतो तर काळुराम. लग्नपत्रिकेचा मजकूर दाखवायला कल्याणहून आलेला, आणि मालूनं सांगितलेलं, ते मेडिकलात गेलेत. माझे पाय पुन्हा पुलावर. जागचे हलेनात. मी तोंड उघडेपर्यंत तानाजी पुढच्या पानावर.

"आजोबांनी मगर पकडल्याची गोष्ट सांगितली. कंसात, खोटी."

मंडळी, सखुबाईचा खोकला थांबला, औषध न घेता.

"खोटी?" सखुबाई म्हणाली. "नाथा, मी माझ्या तीन नातवांना त्या मगरीवर जेवू घातलंय."

तानाजी वाचतोच आहे. "नवव्या शनिवारी स्वतः कबूल केलं. वाहत आलेला ओंडका होता. पावसाळाभर चुलीत जाळला."

तुम्हाला सांगतो, मी मनाच्या डॉक्टरकडं गेलो ह्याचं कुणाला काही नाही. बोंबलाचं खुद्द बोंबलाला काही नाही. काळुराम माझ्यासमोर येऊन उभा राहिला, पत्रिकेचा कागद हातात चुरगळलेला. "दादूस, बोंबलाचं मागून बघू. मना आधी मगरीचं सांग. मी कल्याणभर सांगत फिरलोय, मगर धरणाऱ्या घरातली सून आणतोय म्हणून. आणि तुझ्या आज्यानं धरलं काय, तर जळाऊ लाकूड?"

मगर मी जन्माला घातली, मोठी केली, आणि तिला मारलं कुणी? मीच. बाईंच्या खुर्चीत बसून.

तानाजीनं शेवटचं पान उलटलं. ह्या वेळी मात्र हळू वाचलं, जन्मात पहिल्यांदा. "पूल हे निमित्त. मुलगी लग्न होऊन कल्याणला गेली की आपल्या गोष्टी ऐकायला घरात कुणी उरणार नाही, ही भीती."

ते हेच. मघाशी सांगितलं नव्हतं ते.

सखुबाई उगाच बाटली हलवत राहिली. मी औषधांच्या कपाटाकडं बघत होतो, फार छान लावलेलं असतं हो तानाजीचं कपाट. मग काळुरामनं पत्रिकेचा कागद मांडीवर घासून सरळ केला आणि म्हणाला, "लगीन नऊ मेलाच होईल. आन् रविवारी तू कल्याणला येत जा, मी ऐकीन. पन ती मगर खरी करून आन. डॉक्टरनीकडून. एवढ्या मानसांनी ऐकलंय, मी लोकांना तोंड कसं दाखवू?"

म्हणजे सोयरीक वाचली ती एका अटीवर. कंसातला शब्द खोडून आणायचा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा नौपाडा. पुन्हा काउंटर. "नीला, बाईंना सांग, एक शब्द खोडायचाय." "काका, अर्ज द्या. कारण लिहा." दिला. बाईंनी आत बोलावलं. म्हणाल्या, "लिहिलेलं खोडता येत नाही, नाथाभाऊ. पण तुमचं म्हणणं वेगळं लिहून द्या, ते मी फाईलीला जोडते." मला वाटलं, ह्यात काहीतरी डाव असणार. पण बसलो तिथंच बाकावर आणि लिहिलं. मगर कशी आली, कुठून शिरली, दात किती, आजीची नऊवारी कोणत्या रंगाची, ओंडका हा त्याच मगरीनं सोबत कसा आणला होता... अकरा पानं. नीलानं तीनदा पेन बदलून दिलं.

बाईंनी अकराच्या अकरा पानं वाचली. चष्मा काढून पुसला. ती पानं जुन्या फाईलीला जोडली. मग खणातून आणखी एक फाईल काढली, नवी कोरी, निळ्याच पुठ्ठ्याची, आणि तिच्यावर माझं नाव घातलं.

"शनिवारी या," म्हणाल्या.