हंपीत काय उरलंय

निजामपुऱ्यातल्या कानाच्या दवाखान्यात सादिया खिडकीशी नंबर लावत होती. मागच्या बाकावर तिचे अब्बा, रहमतुल्ला, ओळखीच्या मास्तरांशी बोलत होते. कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात जन्म गेलेला माणूस. कुजबुजला तरी रस्त्यावर ऐकू जायचं.

"हंपी बघून आलात ना, मास्तर? काय उरलंय राजधानीचं?"

"दगड, भाई. जिथे हिरे-मोती रस्त्यावर मांडून विकायचे म्हणतात, तिथे नुसते खांब उभे आहेत."

"बाजाराचा गलका काय असंल तेव्हा!"

"आता वारा तेवढा ऐकू येतो. शत्रूने लुटलं, जाळलं, माणसं वाट फुटेल तिकडे गेली."

"आमच्याकडं कुणी लुटलं न्हाय, जाळलं न्हाय. चोवीस लूम भंगारात गेले. फरशीवर बोल्टांची भोकं ऱ्हायलीत, ती बघत बसतो."

"आणि कानाला काय झालं?"

"पोरगी म्हणते, अब्बा, लूम जाऊन वर्ष झालं, आता तरी हळू बोला."

"मग?"

"कसा बोलू, मास्तर? माझ्या कानात चोवीसच्या चोवीस अजून चालू हायत. तिला सांगू नका हां, उगाच घोर लागंल."

खिडकीतल्या बाईने सादियाला दुसऱ्यांदा विचारलं, "पेशंटचं नाव?"