दमलेल्या पिकअपचा नारळ

...नाही, पण मला सांगा, गाडीला खोकला होतो का? मग आमची पिकअप लालबागहून हिंदमातेला साड्यांचे गठ्ठे घेऊन जाताना खक्... खक्... करत, मध्येच आचके देत चालते, त्याला म्हणायचं काय? अख्खं जग म्हणतं, मिसफायर. इंजिनात चार सिलिंडर, चौघांनी आळीपाळीने जोर लावायचा, त्यातला एक मध्येच बसकण मारतो. फक्त आमचा हितेंद्र, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, "तिला काही झालेलं नाही गं, ती जरा दमलीय."

दमेल नाही तर काय? मीटर पाच लाखांच्या पुढे गेला आणि मोजून मोजून तोच बंद पडला! पण सांगते तुम्हाला, ह्या माणसाने मला कधी विचारलं असेल "मेघना, दमलीस का?" तर शपथ. गाडीला मात्र रोज सकाळी बॉनेटवर हात ठेवून विचारतो. मी खिडकीतून बघते ना.

बरं, इलाज काय कमी झाले? परळचा राजरत्न, हितेंद्रचा बालमित्र, स्वतःचं गॅरेज टाकून बसलाय, तो तीनदा येऊन गेला. नवे प्लग घातले, गाडी सुरेख चालली. अमावास्या आली, सासूबाईंनी गाडीला नारळ फोडला, दुसऱ्या दिवशी परत खक्... खक्! सासूबाई मालवणच्या, त्यांचं निदान पक्कं. "गाडयेक दिष्ट लागली हा." झालं, मंगळवारी आणखी एक नारळ. गाडी आणखी खोकणार. मग शुक्रवारी आणखी एक. घरात रोज सोलकढी, खोबऱ्याची चटणी, खोबऱ्याच्या वड्या... आणि हा गृहस्थ वडी खात म्हणतोय, "ती जरा दमलीय."

शेवटी भर पुलावर, दिवाळीचा माल गाडीत, मागे हॉर्नचा गोंधळ, आणि बाईसाहेब उभ्या राहिल्या. हिंदमातेचे शेठ म्हणाले, आता दुसरा टेम्पो बघतो. मग मात्र मी घरात जाहीर केलं, रविवारपर्यंत नीट झाली तर ठीक, नाहीतर माझगावच्या बाबुरावांना भंगारात देऊन टाकायची. हितेंद्र बरं म्हणाला. भांडला असता तर परवडलं असतं हो, पण नुसता बरं म्हणाला आणि ताट तसंच ठेवून उठला. मलाही वाईट वाटलं. आमची लेक रुचा झाली तेव्हा हॉस्पिटलातून आम्हाला ह्याच गाडीने घरी आणलं होतं, इतकी हळू की हातगाड्या पुढे जात होत्या. पण आठवणींवर संसार चालतो का?

रविवार उजाडला. बाबुराव संध्याकाळी येणार, आणि सकाळीच राजरत्न चाळीच्या अंगणात बॉनेट उघडून उभा. इंजिन चालू ठेवून एकेका सिलिंडरची वायर काढून बघत होता. म्हणाला, "वहिनी, ज्याची वायर काढली तरी आवाजात फरक पडत नाही, तोच कामचुकार समजायचा." मी म्हटलं, ही तपासणी घरातल्या माणसांची पण करून मिळेल का? हितेंद्रने लगेच चाळीच्या जिन्याकडे बघायला सुरुवात केली.

तिसरा सिलिंडर सापडला. प्लगच्या वरचं रबर जुनं होऊन चिरलेलं, आणि खालच्या खोबणीत काहीतरी चिकट. राजरत्नने वास घेतला, पुन्हा घेतला, आणि वर आमच्या खिडकीकडे बघितलं. पुसून कोरडं केलं, चावी फिरवली... आणि गाडी अशी चालली, जणू शिवणाचं मशीनच! हितेंद्रच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात सासूबाई खाली उतरल्या, हातात नारळ. "थांब रे. जातली म्हणतत तर शेवटचो मान देवचो लागता." चाकापाशी नारळ फोडला आणि आम्ही बघतोय तोवर सगळं पाणी थेट उघड्या इंजिनावर! वर म्हणतात, "दर खेपेक बॉनेट उघडून घालतंय मी. चाकांक नारळ देतास, मग इंजिनान काय घोडां मारल्यान?"

खक्... खक्... खक्.

हितेंद्र हळूच राजरत्नला म्हणाला, "तू सांग आईला." राजरत्न म्हणाला, "मी? शाळेतून येऊन ह्यांच्याच हातचं जेवायचो मी. तूच सांग." मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. वा! म्हणजे वाईट कोण, तर सून!

कोणीच सांगितलं नाही. राजरत्नने सगळं पुन्हा पुसून कोरडं केलं, जुनी ट्यूब कापून इंजिनावर घट्ट झाकण बसवलं, बाबुराव चहा पिऊन परत गेले, शेठचा माल वेळेवर पोचतोय. सासूबाई दर अमावास्येला झाकणावर पाणी ओततात आणि चाळभर सांगतात, नारळाचा गुण आला म्हणून.

आणि कालपासून आमचं वॉशिंग मशीन जरा खडखडतंय. हितेंद्रने त्याच्यावर हात ठेवला, म्हणाला, "त्याला काही झालेलं नाही, ते जरा दमलंय." सासूबाई नारळ आणायला उठल्या. मी बादली भरली, आणि कपडे भिजत घातले.