एका होडीतलं माणूस

"हॅलो?… हॅलो, कोण?… जरा मोठ्याने बोला हो, इथे पंप चालू आहे… थांबा, बाहेर येते."

सँड्राचे दोन्ही हात मातीने भरलेले होते. होळी गावातल्या त्यांच्या वाडीत लाल माठाच्या जुड्या संध्याकाळीच बांधून ठेवायच्या असतात, आणि शाळेत बाई म्हणून कितीही मान असला तरी शनिवारी घरी त्यातून सुटका नसते. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून ती ओट्यावर आली. आई तिथे सूप मांडीवर घेऊन वाल सोलत बसली होती.

"हं, बोला आता… कोण?"

नंबर नवा होता, पण आवाज ओळखायला नंबर लागत नाही.

"…हं. बोला. काय काम होतं?"

चौथीपासून जिला 'ए लुशे' म्हणून हाका मारल्या, त्या लुसीला ती 'बोला' म्हणाली. माणूस रागावला की शिव्या देतो, आणि फारच रागावला की मान देतो.

"हो, बरी आहे… मम्मी पण बरी आहे… इथेच आहे, वाल सोलतेय… नको. तिला नाही देत मी फोन. मलाच सांगा काय ते."

आईचे हात थांबले. सँड्राने तिच्याकडे पाठ केली.

"उद्याची निवडणूक?… हो, गॉडफ्रे सरांनी टाकलं होतं ग्रुपवर. मी बघत नाही आता ग्रुप… मेंबर आहे अजून. नाव काढायचं राहून गेलं, एवढंच… हं… हं… कोण उभं राहतंय?… तू?"

'तुम्ही' गळून पडलं, आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही.

"कशासाठी?… सुरक्षेचं काम?… तू बघणार?… नाही, हसले नाही मी. हसण्यासारखं काय आहे त्यात?"

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात पत्र्याची एक शेड आहे. शिडाच्या छोट्या होड्यांचं मंडळ तिथे भरतं. होडी बहुतेक दोन माणसांची, एकाने सुकाणू धरायचं आणि दुसऱ्याने शिडाची दोरी. पगार कोणालाच नाही आणि कामं मात्र सगळ्यांना, त्यामुळे समिती निवडायची वेळ आली की भले भले शूर खलाशी मान खाली घालून वाळू बघतात. लुसी सुकाणूवर आणि सँड्रा दोरीवर, अशी जोडी तिथे वर्षानुवर्षं होती. सँड्राचा धाकटा भाऊ क्लेटन बुडाला तेव्हा ती मोडली. त्यानंतर सँड्रा अर्नाळ्याला गेली नाही, आणि लुसीशी बोललीही नाही.

"मग राहा ना उभी. मला कशाला सांगतेस?… नाव सुचवायला?… मी?"

ती ओट्याच्या खांबाला टेकली.

"लुसी, तुला कळतंय का, तू कोणाला विचारतेस?… नाही, नाही, ऐक. तू ऐक. मंडळात साठ-सत्तर माणसं असतील. त्यातून तुला मीच सापडले?… रीत मला शिकवू नकोस. रीत मला माहितीये."

रीत अशी होती, आणि ती कुठल्या घटनेत लिहिलेली नव्हती. उमेदवाराचं नाव त्यानेच सुचवायचं, जो त्याच्यासोबत एका होडीत बसलाय. सभेत उभं राहून दोनच वाक्यं म्हणायची, 'मी हिच्यासोबत होडीत बसलेय. पुन्हाही बसेन.' सभा चालवणारे गॉडफ्रे सर म्हणायचे, भाषण कोणीही ठोकतं, पण वारा फिरल्यावर माणूस कसा वागतो ते त्याच्या होडीतल्यालाच ठाऊक. पहिलं वाक्य सोपं होतं. दुसऱ्यावर एकदा एक जण सख्ख्या भावासाठीच भरसभेत अडखळला होता, आणि दोघांच्या घरच्या नाताळच्या करंज्या तेव्हापासून वेगवेगळ्या तळल्या जातात.

"नॅन्सीला विचार. ती बसते सगळ्यांसोबत… नाही बसली?… तुझ्यासोबत कधीच?… बरं, वेदांत?… संग्राम?… अगं, तो तर नवीन आहे, त्याला काय माहीत… हं."

पंप बंद झाला. वाडी एकदम शांत झाली, आणि फोनमधला आवाज नको इतका स्पष्ट ऐकू यायला लागला.

"म्हणजे कोणीच नाही?… इतक्या वर्षांत, एकदाही?… मग तू जायचीस कशी?… एकटीच… ती एका माणसाची होडी घेऊन. हं… नाही, कोणी सांगितलं नाही मला. कोण सांगणार?"

असं का झालं, ते सांगण्याची गरजच नव्हती. क्लेटनला माती देताना, सगळं गाव उभं असताना, सँड्रा म्हणाली होती, 'हिने माझ्या भावाला पाण्यात सोडलं आणि स्वतः होडीला चिकटून राहिली.' एकदाच म्हणाली. पण होळीत बोललेला शब्द आगाशीच्या बाजारात पोचायला बस लागत नाही. लुसीला कोणी एका शब्दाने दुखावलं नाही. तिच्या होडीत कोणी पाय ठेवला नाही, इतकंच. तो शब्द इतकी वर्षं तिच्या शेजारच्या जागेवर बसून होता हे सँड्राला आज कळत होतं, आणि ते तिला सोसवत नव्हतं.

"अजून कोण उभं आहे सुरक्षेसाठी?… केनी?… मग तोच येणार. तुझं नाव सुचवलंच गेलं नाही तर बिनविरोध… चांगला आहे की तो. हौशी आहे… काय म्हणतो?… मोटरबोटीत बसायला माणसं कुठून आणायची म्हणतो?… असं म्हणाला तो? क्लेटननंतरसुद्धा?"

तिचा आवाज चढला. आईने सूप बाजूला ठेवलं.

त्या दिवशी लुसी आणि क्लेटनची होडी समोरच्या बेटावरच्या किल्ल्याच्या अंगाला उलटली होती. मदतीची मोटरबोट ओहोटीने मागे वाळूवर कोरडी पडली होती. ती पाण्यात ठेवायची जबाबदारी सगळ्यांची होती, म्हणजे कोणाचीच नव्हती. उलटलेली होडी सोडायची नाही, तिला धरून राहायचं, हा पहिल्या दिवशी शिकवलेला धडा. पण क्लेटन पट्टीचा पोहणारा. पोहायला शिकला तो वाडीतल्या बावखलात. त्या तळ्याचं पाणी जागच्या जागी उभं असतं, आणि काठ चार हातांवर असतो. ओहोटीचं पाणी चालतं. तरंगायचं जॅकेट अंगात असलं की हात मारता येत नाही म्हणून त्याने ते काढलं, आणि मदत आणायला निघाला.

"हं… हं… होड्या पाण्यात असेपर्यंत मोटरबोट पण पाण्यात… आणि तिच्यात माणूस बसलेला. शेडमध्ये चहा पीत नाही, बोटीत बसलेला. हो, कळलं… एवढंच करायचंय तुला?… एवढ्यासाठी उभी राहतेस?"

"…"

"बरोबर आहे गं ते. मी कुठे चूक म्हणतेय?… पण अगं, ऐक ना. ऐक. मला दुसरं वाक्य म्हणता येणार नाही. पुन्हाही बसेन, असं मी म्हणायचं सगळ्यांसमोर? खोटं?… नाही, तिथे खोटं बोलून चालत नाही. गॉडफ्रे सर असे बघतात ना चष्म्यावरून… हो, तसेच."

क्षणभर दोघीही हसतील असं वाटलं, पण कोणी हसलं नाही.

"लुसी, एक विचारू?… नाही, आता विचारतेच. इतकी वर्षं रोज विचारतेय, फक्त तुला नाही विचारलं. त्या दिवशी दोरीवर मी असायला हवी होते. मी आगाशीला साखरपुड्याला गेले, आणि तो माझ्या जागेवर बसला. ती जागा माझी होती. ते माझं मी बघेन… तू मध्ये बोलू नकोस. मला एवढंच सांग, तू त्याला धरलं का नाहीस?"

"…"

"धरलं?… कुठे धरलं?… खांद्याला. मग?… हं… तो काय म्हणाला?… 'अर्नाळा हा इथे तर आहे.' हो, असंच बोलायचा तो. स्टेशन पण त्याला इथेच असायचं… मग?… एका हाताने होडी, आणि एका हाताने… हं… शर्ट…"

सँड्रा खाली बसली. ओट्यावर जागा होती, तरी ती पायरीवर बसली.

"बाही… डावी?"

क्लेटनला किनाऱ्यावरून आणलं तेव्हा त्याच्या जुन्या सुती शर्टाला डावी बाही नव्हती. किल्ल्याच्या खडकांनी ओढली असेल असं सगळे म्हणाले, आणि घरच्यांनीही तेच मानलं. आईने तो शर्ट धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवला होता. दर ईस्टरला ती तो काढायची, उन्हात घालायची आणि पुन्हा ठेवायची.

"तुझ्याकडे आहे?… अजून?… शिवणीतून निघाली… हो, तो शर्ट जुनाच होता गं. मी म्हटलं होतं त्याला, टाकून दे… लुसी. लुसी, रडू नकोस. मी पण… थांब जरा."

तिने मातीच्या हाताने डोळे पुसले आणि चेहरा आणखी माखून घेतला.

"हं, बोल… आधी का नाही सांगितलंस? एवढी वर्षं… हो. फोन मी उचलला नाही. घरी आलीस तेव्हा दार मी उघडलं नाही. हो… कोणाला सांगणार होतीस मग, खरंय… नाही, तू माफी मागू नकोस. तू कशाची मागतेस?… नाही म्हणते ना."

आई उठली होती. वाल तसेच ठेवून, गुडघ्यावर हात टेकत ती आत गेली. कपाटाचं दार करकरलं.

"ऐक. उद्या सभा किती वाजता?… चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर, दहाला. आणि भरती?… सकाळी आहे ना? मग आपण पहिल्या मिस्सेला जाऊ आणि तिथून सरळ अर्नाळ्याला… कशाला म्हणजे? सभेच्या आधी होडी काढायला. नुसतं 'बसेन' म्हटलं तर माझी जीभ अडकेल. बसून आले की अडकणार नाही… हो, घाबरते. खूप घाबरते. तू नाही घाबरत?… मग बरं. घाबरणारंच माणूस पाहिजे त्या कामाला."

फोनमध्ये खरखर झाली.

"हॅलो?… ऐकू येतंय का?… हां. मोटरबोट आधी पाण्यात घाल. शेडमधल्या श्रीपतला सांग, तिच्यात बसून राहा म्हणावं. हो, चहा तिथेच नेऊन देऊ त्याला. तो बसलेला मला दिसला नाही तर मी होडीत पाय ठेवणार नाही, आणि तुलाही ठेवू देणार नाही. तुझाच नियम… नाही, नाही. सुकाणू तूच धर. मी दोरीवर. माझी जागा दोरीवर आहे… हो… आणि लुसी, ती बाही घेऊन ये. मम्मीला द्यायची… हॅलो?… बाही, म्हटलं, बाही आण… हॅलो? लुशे?"

लाइन गेली होती. लुसीने शेवटचं ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. सँड्राने पुन्हा लावला, तर उत्तर फक्त त्या मशीनमधल्या बाईने दिलं. तिने फोन पायरीवर ठेवला.

आई दारात उभी होती. शर्ट तिच्या खांद्यावर होता, आणि हातात सुई आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ. फोनवर कोण होतं हे तिने विचारलं नाही. तिला आताशा सुईचं नेढं दिसत नसे, म्हणून तिने सुई आणि दोरा सँड्रासमोर धरला.

सँड्राने हात धुतले, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि सुई उजेडाकडे धरली. दोरा ओवायला तिला बराच वेळ लागला.