आभाराची दोन मिनिटं

— ते कळलं हो मला, अध्यक्षांनी तुम्हाला दोन मिनिटं दिलीयत, पण त्या दोन मिनिटांत माझं नाव घ्यायचं नाही, एवढंच म्हणतेय मी. क्लबचे आभार माना. क्लबला ते लागतंच, दर गुरुवारी कुणीतरी आभार मानल्याशिवाय आमच्या लोकांना चहा गोड लागत नाही. बसा, त्या स्टुलावर बसा, सहाच्या सभेला अजून वीस मिनिटं आहेत. कॉटचे स्क्रू सगळे आहेत ना? गादी पुसून आणलीत, बरं केलंत — बहुतेक जण तशीच आणून टाकतात, माणूस गेलेलं घर, त्यांना तरी काय बोलणार. ही कॉट माझ्या मिस्टरांची. ते गेल्यावर घरात बघवेना म्हणून क्लबला दिली, मग कुणी कुबड्या दिल्या, कुणी चाकाची खुर्ची, आणि सभागृहामागची ही खोली भरत गेली. मी शाळेतली रिटायर झालेली हेडक्लार्क, रजिस्टर ठेवायला हात शिवशिवतच होते. ज्याला लागेल त्याने न्यायचं, काम झालं की आणून द्यायचं. तुम्ही फोन केलात आणि तासाभरात कॉट दारात आली, त्यात देवमाणूस वगैरे काही नाही. तो शब्द तर अजिबात नको.

का म्हणजे? तुम्ही आत उभे राहून बोलणार, चाळीस माणसं टाळ्या वाजवणार, आणि त्या वेळी मावशी दाराशी ट्रे घेऊन उभ्या असणार. म्हणून. मावशी म्हणजे आमच्या चहाच्या मावशी, आत्ता येताना पाहिल्यात ना, कपबशा मांडत होत्या, त्या. त्यांचे यजमान गेले दोन वर्षांपूर्वी. खडी फोडायच्या कारखान्यात होते, तीस वर्षं धूळ खाल्ली, छातीचा पार चोथा झालेला. डॉक्टरांनी घरी पाठवताना सांगितलं, ऑक्सिजनचं मशीन लावा, दिवसाचे पंधरा तास तरी. मशीन आहे आपल्याकडे, ते काय, खिडकीखालचं — पण तेव्हा नेमकं दुरुस्तीला गेलेलं. त्याला कोण काय करणार. यंत्र आहे, बिघडतं.

हो, एकच आहे. तेव्हाही एकच होतं. — काय बिघडलं होतं? बरोबर, तुम्ही विम्याच्या कचेरीत, तुम्हाला विचारायची सवय. नाही, राहू दे. नव्हतं बिघडलं. मावशींना मी तसं सांगितलं होतं, आणि मग इतक्या जणांना सांगितलं की आता तोंडात तेच येतं. मशीन होतं आमच्या एका माजी अध्यक्षांच्या घरी. त्यांच्या आईसाठी नेलेलं, रीतसर, सही करून. आई गेल्या, नव्वदीच्या होत्या, सुटल्या. दहाएक दिवसांनी मी भेटायला गेले, तर हॉलच्या कोपऱ्यात मशीन, वर चादर टाकलेली, चादरीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. मी त्याच्याच शेजारी बसले होते, माझं कोपर लागत होतं त्याला. म्हटलं, दुःखाचं घर, आल्या पावली वस्तू काय मागायची. देतील पाठवून. माणूस असाच विचार करतो ना? तुम्हीही केला असता.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, सभा संपल्यावर मावशी इथे आल्या, तुम्ही बसलायत तिथेच उभ्या राहिल्या. हात ओले होते. म्हणाल्या, ताई, यांना मशीन सांगितलंय, आपलं मिळेल का? आणि मी — मला अजून कळत नाही, ते वाक्य मी जुळवलं कधी — मी म्हटलं, दुरुस्तीला गेलंय हो, आलं की तुमचाच पहिला नंबर. त्यांनी पदराला हात पुसले. मग बरं म्हणाल्या आणि गेल्या. पुढच्या गुरुवारी परत विचारलं, आलं का मशीन? त्या दिवशी मी ठरवूनच आले होते, सभेनंतर माजी अध्यक्षांना बाजूला घ्यायचं आणि सांगायचं, साहेब, मशीन पाठवा, गरज आहे. पण त्या दिवशी एक पक्ष्यांवाले पाहुणे आले होते, पडद्यावर फोटो, बगळ्यांचे पंचवीस प्रकार, संपता संपेना. संपलं तेव्हा माजी अध्यक्ष घाईत निघाले, मी जिन्यापर्यंत गेले मागे, त्यांनी वळून विचारलं, काय म्हणता? मी म्हटलं, काही नाही, तब्येत जपा. तब्येत जपा म्हटलं मी त्यांना. शनिवारी सकाळी मावशींचे यजमान गेले.

मग काय, रीतीप्रमाणे सगळं झालं. पुढच्या सभेत एक मिनिट उभे राहिलो, शोकप्रस्ताव माजी अध्यक्षांनीच मांडला, चांगला मांडला, कष्टकरी माणूस म्हणाले. चहा त्या दिवशी थर्मासमधून आला. सोमवारी त्यांचा ड्रायव्हर मशीन आणून ठेवून गेला. मी प्लग लावला, पहिल्या झटक्यात सुरू झालं. ती घरघर ऐकत मी इथे बसून राहिले, बंद करावंसं वाटेना.

शोकप्रस्तावाचं पत्र घेऊन मावशींच्या घरी मीच गेले. एकच खोली, कॉटवर तीन उशा अजून भिंतीला लावलेल्या — आडवं होता येत नाही ना त्या दुखण्यात, बसूनच झोपायचं. पत्र त्यांनी न वाचता फळीवर ठेवलं. मला पाणी दिलं. आणि म्हणाल्या, ताई, साहेबांकडे सकाळची भांडी-फरशी मीच करते. चार महिने झाले. ते मशीन रोज मीच पुसत होते.

बघा, त्याआधी दोन वर्षं त्यांच्या हातचा चहा पीत होतो आम्ही, पण त्या सकाळी कुठे कामाला जातात हे चाळीस जणांत एकाला माहीत नव्हतं. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा मशीन कुठे आहे हे त्यांना ठाऊक होतं. आणि मी दुरुस्तीला म्हटलं ते त्यांनी ऐकून घेतलं. दोनदा. भांडल्या नाहीत हो, आवाजसुद्धा चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाल्या, मी मागितलं असतं तर माझं काम गेलं असतं. तुमचं काय गेलं असतं, ताई? आणि खरंच विचारत होत्या, उत्तराची वाट बघत बसल्या समोर.

उत्तर होतं की माझ्याकडे. पुढच्या वर्षी अध्यक्षपदासाठी माझं नाव साहेब सुचवणार होते. त्यांनी शब्द टाकला की झालंच. आईच्या दुःखात मी वस्तू मागायला गेले, असं त्यांच्या मनात नको यायला — एवढंच होतं सगळं. एवढंच. मी पाणी संपवलं आणि उठले. — झाले ना, झाले की अध्यक्ष. गेलं वर्ष माझंच होतं. अध्यक्षाची साखळी घालायचे दर गुरुवारी गळ्यात, आणि मावशी पहिला कप मला आणून द्यायच्या, बिनसाखरेचा, न विसरता. त्यांना काम सोडून चालत नाही आणि मला क्लब सोडवत नाही. तेव्हापासून फोन आला की मी तासाभरात वस्तू पोचवते, जेवणावरून उठून जाते. तुमच्या वडिलांना त्यामुळे शेवटचे दोन महिने सोयीचे गेले असतील तर चांगलंच आहे. पण त्याला सेवा म्हणू नका.

साहेबांना? नाही, त्यांना कुठे काय माहीत, ते बिचारे विसरले होते, एवढंच. क्लबमध्ये कुणाला सांगितलं नाही. घरी मुलीलाही नाही. तुम्हाला का सांगत बसले — तुम्ही परत येणार नाही म्हणून असेल.

असं बघू नका माझ्याकडे. ही पावती घ्या, कॉट जमा झाली. आणि आत जाऊच नका तुम्ही. मी सांगते त्यांना, तुम्हाला अचानक काम निघालं, निघून गेलात म्हणून. — त्यात काय, सांगेन मी. बेल झाली. तिकडून नको, तिथे मावशी आहेत. या मागच्या दाराने जा.