फुलांचं हेल्मेट

…नाही, मी म्हणते, माणसाचं शेवटचं तोंड बघायला आलात ना, मग तोंड कुठं आणि तुम्ही बघताय कुठं? तुम्हाला सांगते, अख्खं हॅरोफर्ड आलं होतं माझ्या डेलमरला निरोप द्यायला, आणि अख्खं हॅरोफर्ड त्याच्याकडे पाठ करून उभं. का, तर समोरच्या भिंतीशी तिकाटण्यावर फुलांचं हेल्मेट ठेवलेलं. अमेरिकन फुटबॉलचं. शाळेच्या टीमच्या चाहतेमंडळानं पाठवलेलं. आमच्याकडे पद्धतच आहे तशी, गावातला जुना खेळाडू गेला की मंडळ फुलांचं हेल्मेट पाठवतं, एरवी त्यात वावगं काहीच नाही. पण या मंडळाच्या अध्यक्षबाई कोण, तर बर्नाडेट. आणि बर्नाडेटला सगळ्यांना खूश ठेवायची खोड. तिनं काय केलं असेल? पुढचा अर्धा भाग पिवळ्या शेवंतीचा आणि मागचा अर्धा काळ्या रंगात बुडवलेल्या फुलांचा, आणि कानाजवळ पुठ्ठ्याचा ससाणा.

आता हे अर्धं-अर्धं का, ते सांगते. आमच्या गावचं हेल्मेट पितळी रंगाचं. साधं, चित्र नाही, अक्षर नाही, पोलादाचा कारखाना धगधगत होता तेव्हापासून तसंच. माझ्या सासऱ्यानं ते घालून दात पाडून घेतले, डेलमरनं ते घालून नाक मोडून घेतलं, म्हणजे घराण्याचा दागिनाच म्हणा. कारखाना गेला, सिनेमाचं थिएटर गेलं, दोन चर्च जाऊन एक उरलं, पण हेल्मेट तेच. मग आला नवा कोच. म्हणतो, "पोरांना काळं आवडतं, वर ससाण्याचं चित्र." शाळेच्या जिममध्ये सभा. आणि तिथं काळ्याच्या बाजूनं पहिला हात कुणाचा वर गेला असेल? ऑरव्हिल भावजींचा. माझ्या सख्ख्या दिराचा! त्यांचा नातू टीममध्ये होता ना. डेलमर भर सभेत उभा राहिला. "ऑरव्हिल, बापाचा रंग आहे तो." तर भावजी म्हणतात, "बाप गेला, डेल. रंगसुद्धा दमलाय."

झालं. तीन वर्षं भाऊ भावाशी बोलला नाही. घराला घर लागून, मधे एक कुंपण. बर्फ पडला की भावजी आपल्या हद्दीपर्यंत फावडं मारायचे, पुढं एक ढेकूळ हलवायचे नाहीत, आणि डेलमर पडद्याआडून बघत बसायचा, रेघ ओलांडतोय का म्हणून. मी सफरचंदाचा पाय भाजला की म्हणणार, "जास्त झालाय, वाया जाईल." म्हणजे नेऊन दे तिकडे. पण तोंडानं नाव घेणार नाही. मी नेऊन द्यायची, रिकामं ताट घासूनपुसून परत यायचं, आणि दोघंही म्हणायचे, आपण बोलत नाही.

आणि इस्पितळात, श्वास पुरत नव्हता तेव्हा डेलमर मला म्हणाला, "अर्डिथ, शवपेटीला उचलायच्या सहा कड्या असतात. सहावी ऑरव्हिलची. पण तू बोलावायचं नाहीस. आपणहून आला तर आला, नाहीतर पाच जण न्या."

पाच जण! वाकडी चालली असती हो पेटी. पण शब्द दिला मी.

म्हणून मी बसलेली दाराकडे डोळे लावून, आणि इकडे ही सभा. स्टॅन न्हावी म्हणतो, "हा पिवळा आपला पितळी नव्हेच, ही मोहरी झाली, सँडविचवर लावायची." त्याची बायको म्हणते, "काळं काय वाईट आहे? उजेडात चमकतं." "चमकतं? चुलीचा तवा दिसतो तो." "तुमच्या डोक्यावर केस होते तेव्हाची गोष्ट करू नका." मधेच कुणी हॅमचं सँडविच खातंय, कुणी म्हणतंय ससाण्याची चोच पोपटासारखी आलीय. पाद्रीसुद्धा, तुम्हाला सांगते, पाद्रीसुद्धा हळूच म्हणतो, "पँट पांढरी ठेवली तर दोन्ही चालेल." आणि माझा माणूस तिथं पडलेला, टाय लावून, जन्मात पहिल्यांदा गप्प.

बर्नाडेट माझ्या कानाशी आली. "अर्डिथ, निघायची वेळ झाली गं. सहाव्या कडीला स्टॅन राहील."

म्हटलं, "स्टॅनला मोहरीच बघू दे. थांब जरा."

"अगं, पण कुणासाठी?"

आता काय सांगणार? शब्द दिलेला.

आणि दार उघडलं. भावजी. अंगात काळं जाकीट, छातीवर ससाणा. मी म्हटलं, देवा, आज तरी दुसरं काही घालायचं होतं. भावजी पेटीपाशी गेले नाहीत. तडक त्या फुलांच्या हेल्मेटपाशी गेले. उभे राहिले. मग पुठ्ठ्याचा ससाणा धरला आणि टरकन ओढून काढला. मग काळी फुलं. एकेक. बोटं काळी झाली, खिसा भरला, बर्नाडेट "अहो, अहो" करतेय, भावजी आपले उपटताहेत. शेवटी अर्धं बोडकं, अर्धं पिवळं असं काहीतरी उरलं. मग पेटीकडे वळले आणि म्हणाले, "साधंच बरं दिसतं रे, डेल."

हे एवढं वाक्य. त्यासाठी डेलमर तीन हिवाळे पडद्याआड बसला होता. आणि ते आलं कधी, तर कान बंद झाल्यावर. मी रुमाल शोधत होते, स्टॅन नाक ओढत होता, म्हटलं चला, मिटलं…

तर भावजी काळ्या बोटांनी डोळे पुसत म्हणतात, "पण जर्सीच्या बाहीवर पट्टे तीनच हवेत. दोन म्हणजे मूर्खपणा होता तुझा."

आणि मी, सवयच हो, एवढ्या वर्षांची, पेटीकडे बघितलं. असलं बोलणं ऐकून घेणारा नव्हता डेलमर. तापात असला तरी उठून बसायचा, ताटावरून उठायचा, एकदा तर दाढ काढताना डॉक्टरचा हात बाजूला सारून बोलला होता पट्ट्यांवर. मी वाट बघितली. सगळ्यांनीच बघितली, मला वाटतं.

उठला नाही.

तेव्हा पटलं मला, की माणूस गेला.

म्हटलं, "उचला, भावजी."