मोकळी भिंत

कळवणची गाडी कधी लागेल हे स्टँडवर कुणालाच ठाऊक नव्हतं. सुलाबाई रांगेत ताटकळत उभ्या होत्या आणि पुढच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं आपसूक कानावर पडत होतं. एकीने कापडी पिशवी छातीशी घट्ट धरली होती.

"एवढ्यात निघालीस भिमा? पोराचा नवा बंगला सोडून?"

"बंगला कुठला, दुकान हाय ते. पोरगा आर्किटेक्ट ना! गिऱ्हाइकांना दाखवायला मुंबईहून फोटोवाला बोलावला. त्यानं काळ्या फडक्यात डोकं घातलं आन् म्हनला, आजी, जरा बाहेर बसा."

"मग?"

"बसले पायरीवर. वाटलं, मीच आडवी येती. तर त्यानं ह्यांची तसबीरबी उतरवली, चंदनाच्या हारासकट. भिंत मोकळी पायजे म्हने."

"फोटो झाल्यावर लावली असेल की परत."

"मीबी तेच म्हनलं. तर पोरानं खिळाच उपटला. भोक बुजवून वरून रंग मारला."

"अगं, बापाची तसबीर ती! आता कुठंय?"

"ही काय, पिशवीत. कपाटामागं घातली व्हती."

"एवढी कसली बाई हौस, मोकळ्या भिंतीची?"

"मोकळी कुठं ऱ्हायली? मुंबईहून फोटो आला ना, त्याच मोकळ्या भिंतीचा. हा एवढा थोरला! काच बसवून तिथंच लावलाय. नवा खिळा ठोकून."