घासून घटलेली वजने

मी, तराजूवाल्यांची पुतणी, वय सव्वीस वर्षे, व्यवसाय मापन प्रयोगशाळेत तंत्रज्ञ, राहणार काकांच्या दुकानावरची खोली, आज सकाळी सव्वाअकरा वाजता स्वतःहून ठाण्यात हजर होऊन सांगते की,

मी नऊ वर्षांची असल्यापासून काका-काकूंकडे राहते. काका तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करतात. त्यासाठी सरकारी परवाना लागतो आणि काटे तपासायला प्रमाणित वजने लागतात. दोन वर्षांपूर्वी लघुउद्योग साहाय्य योजनेतून त्यांना पितळी वजनांची पेटी मिळाली. अर्ज मी भरला होता. आधीचे दोन नामंजूर झाले होते. मंजुरीपत्रात 'होतकरू उद्योजक' असे लिहिले होते. काका म्हणाले, "एकसष्टाव्या वर्षी होतकरू झालो. आता लग्नाचं बघायला हवं." काकू म्हणाली, "बघा की. पेटीही नव्या नवरीलाच द्या, माझी फळी मोकळी होईल."

वजने स्वच्छ ठेवावीत अशी परवान्यात अट आहे. काका दर रविवारी सकाळी पितळ उजळायची पूड लावून ती घासत. एकदा त्यांना ताप होता म्हणून काकूने पेटी लपवली. ती त्यांनी शोधून काढली.

गेल्या मंगळवारी दुपारी तीन वाजता निरीक्षक दर दोन वर्षांनी होणाऱ्या तपासणीला आले. मी हजर होते. काकांनी हात पुसून पेटी उघडून दिली. एक किलोचे वजन ३०८ मिलिग्रॅम कमी भरले. सूट १५० मिलिग्रॅमची आहे. काका म्हणाले, "साहेब, तोंड दिसेल इतकी लख्ख ठेवलीत." निरीक्षक म्हणाले, "तोंड दिसतंय हो. वजन दिसत नाही." त्यांनी पेटी जप्त केली, परवाना स्थगित केला आणि वजने कानस लावून मुद्दाम घटवल्याची तक्रार या ठाण्यात दिली.

बुधवारी मी एक किलोचे नवे पितळी वजन प्रयोगशाळेत तोलले आणि काकांना नेहमीसारखे घासायला दिले. कारण सांगितले नाही. पुन्हा तोलल्यावर तीन मिलिग्रॅम घट आली. दोन वर्षांचे एकशे चार रविवार धरले तर तीनशे बारा होतात. चारचा फरक राहतो. तापाच्या रविवारी हात हलका पडला असावा. जप्त वजनांवर कानशीचे ओरखडे नाहीत, कोरलेले आकडे मात्र पुसट झाले आहेत. नोंदपत्र सोबत जोडले आहे.

हिशेब काकांनी दोनदा ऐकून घेतला. मग म्हणाले, "म्हणजे मी या वजनांवर लावलेले काटे गिऱ्हाइकाला कमी देतायत?" मी म्हणाले, "दुकानातला काटा पाच ग्रॅमखालचा फरक दाखवतच नाही, काका." ते म्हणाले, "काट्याला नसेल दिसत. मला दिसतोय ना." त्यांनी त्रेचाळीस दुकानांची यादी केली आहे. सगळे काटे पुन्हा फुकट लावून द्यायचे म्हणतात. परवान्याशिवाय त्यांना काट्याला हात लावता येत नाही.

आठ महिन्यांपूर्वी आकडे पुसट दिसल्याने मी तेच वजन काकांना न सांगता प्रयोगशाळेत नेऊन तोलले होते. तेव्हा २०५ मिलिग्रॅम कमी होते. ही घट चालणाऱ्या १५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असल्याचे माझ्या लक्षात आले होते. पुढच्या रविवारी सांगायला खाली गेले. काका मांडीवर फडके पसरून बसले होते आणि शीळ घालत होते. मी काकूला एवढेच म्हणाले, "महिन्यातून एकदा घासलं तरी चालेल म्हणावं." काकू म्हणाली, "तूच सांग बाई. इतक्या मायेने माझ्याकडे कधी पाहिलं नाही त्यांनी." मी सांगितले नाही. त्या दिवशी सांगितले असते तर वजने बदलता आली असती आणि ही तक्रार झाली नसती. काकांना घट माहीत नव्हती. मला होती.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. 'लक्षात आले होते' या जागी त्यांनी आधी 'लक्षात आले नाही' असे लिहिले होते. "पोरी, नोकरी जाईल तुझी," असे ते म्हणाले. माझ्या सांगण्यावरून तो शब्द खोडला आहे आणि खोडल्या जागी माझी सही आहे. बाकी मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.